खराब आधी

तिला सगळे कावीळताई म्हणायचे. तोंडावर ताई आणि पाठ वळली की कावीळताई. नाव काही वाईट मनानं पडलेलं नव्हतं, बाईची नजरच तशी होती. बसमधून जाता जाता कुणाच्या शेतात पिवळं पान दिसलं, की ही पुढच्या थांब्यावर उतरून उलटी चालत यायची आणि बांधावर उभी राहून विचारायची, हे पिवळं खालच्या पानांपासून सुरू झालं की शेंड्याकडून? आता भर उन्हात घाम पुसत बसलेला माणूस यावर काय बोलणार, तुम्हीच सांगा. पण ही पाठ सोडणारी नव्हती. पान कुठून पिवळं पडतं त्यावरून पिकाला काय कमी पडतंय ते कळतं, हे समोरच्याच्या डोक्यात शिरेपर्यंत ती सांगत राहायची. मग पुढच्या बसची वाट बघत थांब्यावर उभी.

नोकरी कृषी संशोधन केंद्रात, विस्तार विभागात. म्हणजे केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी जे शोधून काढलं, ते शेतकऱ्याच्या गळी उतरवायचं. बोलायला सोपं आहे हो. तिची खोली जिन्याखाली होती. टेबलावर, खिडकीत, कपाटाच्या डोक्यावर वर्तमानपत्रं पसरून मातीचे नमुने वाळत घातलेले असायचे, त्यामुळे आलेल्याला चहाचा कप मांडीवरच ठेवावा लागे. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, आम्ही दोघंही बंद पडलेलं चालू करायचं काम करतो, फक्त माझं गिऱ्हाईक वाद घालत नाही.

वाद घालणारं तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होता तिचा सख्खा थोरला भाऊ. दादा कांदा लावायचा, आणि दादाचा कांदा टिकतो अशी चारही बाजूंना ख्याती होती. कांदा साठवायची त्याची चाळ, म्हणजे लाकडी पट्ट्यांची, हवा खेळती राहील अशी लांबट खोली, कुणीही कधीही येऊन बघावी. एक सडका कांदा सापडायचा नाही. आणि हा बाबा पीक हातात यायच्या तोंडावर पाण्याबरोबर युरियाचा एक जादा हात द्यायचा, कांदा फुगावा म्हणून. नेमकं तेच करू नका असं कावीळताई जन्मभर सांगत आली होती. उशिरा दिलेल्या युरियानं कांदा नुसता पाण्यानं फुगतो, त्याची मान जाड राहते, नीट मिटत नाही आणि सड तिथूनच आत शिरते. त्यापेक्षा सुरुवातीलाच पालाश आणि गंधक ही खतं द्या, युरियाचा हात वेळेत आखडा, काढणीआधी पाणी तोडा. कांदा थोडा लहान भरेल, पण टिकेल आणि चवीलाही उतरेल.

दादा यावर हसायचा. म्हणायचा, आमची बाई नाकानं कांदे सोलते. आणि ती दुसऱ्या कुणाच्या बांधावर गेली, तर तिथेही दादा आधीच पोचलेला असायचा. लोक म्हणायचे, ताई, तुमचा भाऊ तर शेवटचा हात देतो आणि त्याचा कांदा तर टिकतोय. आधी घरच्यांना पटवा, मग आमच्याकडे या. ती पिशवी खांद्याला लावायची आणि निघायची. वाटेत एकच डोक्यात घोळायचं. जगाला शहाणं करायला निघालेली बाई, आणि सख्खा भाऊ विचारत नाही.

निवृत्ती एका वर्षावर आली, तेव्हा तिनं दादाला गाठलं. म्हणाली, आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, आता मागते. एका हंगामापुरतं अर्धं शेत माझ्या म्हणण्यानं कर. अर्धं तुझ्या पद्धतीनं. दोन्हीचा कांदा चाळीत शेजारी शेजारी ठेवू आणि चार महिन्यांनी सगळ्यांसमोर उघडू. मी हरले तर पुन्हा कांद्याबद्दल तोंड उघडणार नाही, तुझ्यापुढेही नाही आणि दुसऱ्या कुणापुढेही नाही. दादाला ही पैज फारच आवडली.

शेतात तर तिची पार फजिती झाली. दादाचं अर्धं हिरवंगार, माजलेलं, आणि हिचं अर्धं आपलं बेताबेतानं. काढणीला दादाचा कांदा मुठीएवढा भरला, हिचा त्याहून लहान. शेजारचा ट्रॅक्टरवाला, ज्याला कुठल्याही गोष्टीत नाक खुपसल्याशिवाय चैन पडत नाही, तो म्हणाला की ताईंच्या कांद्याला उपास घडलेला दिसतोय. ती हसली. खरी परीक्षा चाळीत आहे, एवढंच म्हणाली.

चाळीत मधे फळी घातली. डावीकडे ताईचा ढीग, उजवीकडे दादाचा, दोन्ही फळीवरच्या एकाच खडूच्या रेघेपर्यंत. दादा बोलण्यात तिरका असला तरी लबाड नव्हता. त्यानं बायकोला बजावून सांगितलं, डावीकडच्या ढिगाला अजिबात हात लावायचा नाही. उद्या कुणी म्हणायला नको की मी बहिणीच्या मालात हात घातला.

चार महिने गेले. ठरल्या दिवशी चाळीपाशी चांगली पंधरा-वीस माणसं जमली. आधी डावीकडचा ढीग उपसला. कांदा घट्ट, सालं कोरडी, पण मधूनमधून एखादा कोंब फुटलेला निघाला, आणि सात-आठ चक्क सडके. एवढ्या ढिगात सात-आठ म्हणजे काहीच नाही, ताईच्या जिवात जीव आला. मग उजवीकडचा उपसला.

एकही सडका नाही. वरपासून तळापर्यंत एकही नाही. दादानं कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे पाहिलं आणि ट्रॅक्टरवाल्यानं टाळी दिली. कुणीतरी म्हणालं, उपसायच्या आधीच ढीग रेघेच्या बराच खाली होता की. दादा म्हणाला, घरात खायला लागतो, त्यात काय एवढं. नुसती हार असती तर ताईनं सोसली असती, पण हे तिला खरंच वाटेना. चार महिने ठेवलेल्या ढिगात एकही सडू नये, असं तिच्या उभ्या नोकरीत तिनं पाहिलं नव्हतं. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

तिथे वहिनी जमलेल्या माणसांसाठी भाजी चिरत बसली होती. पुढ्यात कांद्यांची टोपली. एक कांदा उचलायचा, मधोमध कापायचा, काळं मऊ पडलेलं सुरीच्या टोकानं काढून बादलीत टाकायचं, उरेल तेवढं चिरायचं. पुन्हा पुढचा. सगळ्या टोपलीत एक धड कांदा नव्हता. ताई पाण्याचा पेला हातात धरून तशीच उभी राहिली.

"वहिनी, हे कुठले?"

"चाळीतले. तुमच्या नाही हां, ह्यांच्या ढिगातले. तुमच्याला मी बोट लावलेलं नाही, वन्सं."

मग वहिनीनं सहज सांगितलं. रोज सकाळी स्वयंपाकाला कांदे आणायला गेलं की पट्ट्यांमधून हात घालायचा, मऊ लागेल तो काढायचा. कधी टोपलीभर, कधी दोन टोपल्या. कापून चालण्यासारखे असतील ते घरात, बाकीचे खताच्या खड्ड्यात. चांगल्याला कशाला हात लावायचा, तो विकायचा असतो. सांगताना तिचा हात थांबला नव्हता.

सगळं लख्ख कळलं ताईला. आणि कळल्याबरोबर पहिला विचार आला तो हा, की बाहेर जाऊन हे बोलायचं कसं? वीस माणसांसमोर दादाचं नाक कापलं जाणार, आणि माणसं पांगली की त्याचा सगळा राग निघणार तो वहिनीवर. पैज जिंकायला या बाईला पुढे ढकलायचं? छे. ज्या घरात येऊन ताई इतकी वर्षं जेवली, तिथे पाहुणी म्हणून तिला कायम अख्खा, करकरीत कांदा मिळाला होता, आणि वहिनीच्या ताटात काय असतं हे तिनं कधी वळून पाहिलं नव्हतं. बसमधून दुसऱ्याच्या शेतातलं पिवळं पान दिसणारी बाई ती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. पेला खाली ठेवून ती म्हणाली, काही नाही वहिनी, मी हरले, एवढंच.

वहिनीनं सुरी ठेवली. हरल्या म्हणजे काय, ते विचारून घेतलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. मग पदराला हात पुसत ती उठली, आणि ताई नको नको म्हणत असताना, टोपली कमरेवर घेऊन सरळ चाळीपाशी गेली.

"ह्यांच्या ढिगात सडलेले होते," ती म्हणाली. "मी काढत गेले."

दादाला आधी समजलंच नाही. मग त्यानं टोपलीत पाहिलं, फळीवरच्या रेघेकडे पाहिलं आणि बाहेर काढलेल्या, ताईच्यापेक्षा कितीतरी लहान अशा आपल्या ढिगाकडे पाहिलं. घरात खाणारी तोंडं इनमीन तीन. आवाज चढवायला म्हणून त्यानं तोंड उघडलं खरं, पण आवाज काही चढला नाही.

"मला कधी बोलली नाहीस?"

"त्यात बोलायचं काय? दरवर्षीच काढते. लग्न होऊन आले तेव्हापासून."

ट्रॅक्टरवाल्याला अचानक ट्रॅक्टरचं काहीतरी आठवलं आणि तो निघून गेला. दादा चाळीच्या पायरीवर बसला. दादाचा कांदा टिकतो, दादाचा कांदा टिकतो, असं सगळीकडे म्हणत होते इतकी वर्षं, आणि तो कान भरून ऐकत होता. ताईला वाटलं होतं की जिंकल्यावर आपण त्याला चांगलं सुनावू. दोन-चार वाक्यं तयारही होती. पण त्याच्याकडे पाहून ती नुसतीच त्याच्या शेजारी जाऊन बसली.

माणसं हळूहळू पांगली. जाताना दोघातिघांनी ताईला बाजूला घेऊन पालाश किती, गंधक कधी, हे विचारून घेतलं. त्यांच्या आवाजात आज थट्टा नव्हती.

जेवायला घरचेच उरले. दादा डावीकडच्या ढिगातला एक कांदा घेऊन आत आला, घट्ट, तांबूस, चकचकीत सालीचा. ताईला वाटलं आपल्याला देतोय. त्यानं तो वहिनीच्या ताटात ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, आज हा खा.

वहिनीनं कांदा उचलला, बोटांनी दाबून पाहिला, मानेपाशी पाहिला. मग पदरानं पुसून बाजूला ठेवला.

"हा राहू दे," ती म्हणाली. "हा अजून टिकेल."

आणि टोपलीतला अर्धा काळा पडलेला कांदा घ्यायला तिनं हात पुढे केला. दादानं टोपली आपल्याकडे ओढली. मग सुरी मागून घेतली. आयुष्यात कधी कांदा चिरलेला नव्हता त्यानं. चांगला कांदा त्यानं वेड्यावाकड्या फोडी करून बायकोच्या ताटात वाढला आणि ती खाईपर्यंत समोर बसून राहिला.