सांबाराचा वास

मृतदेह बोलतो. फक्त ऐकणारा कान हवा.

हे वाक्य आमच्या विभागात शिरताच समोर, सोनेरी फ्रेममध्ये लावलेलं आहे. फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये एमडी करायला आलेल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला विभागप्रमुख सर त्या फ्रेमखाली उभं करतात, वाक्य मोठ्यानं वाचायला लावतात, फोटो होतो आणि मग चहा. माझं हे तिसरं वर्ष. मृतदेह बोलत नाही. बोलतात ते हवालदार, नातेवाईक आणि विभागप्रमुख सर.

तेव्हा आधीच सांगतो, माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आवडीनं वाचतो, पण वाचताना मनात शंका काढत राहतो... एवढ्या अंधारात साडी पांढरीच होती हे दिसलं कसं वगैरे. माझ्या अनुभवात अमावास्या नाही, पिंपळ नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजचं शवविच्छेदनगृह, हिवाळ्यातली दुपार, डोक्यावर ट्यूबलाइट आणि घरघरणारा एक्झॉस्ट फॅन. आणि एक वास.

वासाचं आधी समजावून सांगायला हवं. मला वास येत नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी आणि आई एकाच आठवड्यात आजारी पडलो. मी उठलो, माझं नाक गेलं. आई उठली नाही. आम्ही पिपरी मेघेला राहतो; आता घरात मी आणि बाबा. पुढे मला ही शाखा मिळाली तेव्हा बाबा म्हणाले, "बरं झालं बाप्पा, तुले ब्रांच बी नाकाले साजेशी भेटली!" मित्रांनाही हा मोठाच विनोद वाटला. कुजलेलं प्रेत आलं की सगळे मला पुढे ढकलायचे. मी जायचो. मला काहीच वाटायचं नाही.

पण आमच्या कामात नाक लागतं. शरीराची प्रत्येक पोकळी उघडली की वास नोंदवायचा असतो. दारू, कीटकनाशक, रॉकेल, जे असेल ते. मी माझ्या ज्युनिअरला विचारायचो. "वास?" ती सांगायची, "विशेष काही नाही सर." ही डॉ. मृणाल. सांगलीची. विभागात सर्वांना माझी अडचण माहीत होती, त्यामुळे लपवाछपवी नव्हती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम दिला होता: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी अशा चार बाटल्या, रोज सकाळी आळीपाळीनं हुंगायच्या आणि तो वास आठवायचा. मी देवघरासमोर बसून ते करायचो, कारण उजेड तिथंच चांगला येतो. बाबा विचारायचे, "किती सोमवार झाले?"

मला लवंग-लिंबाचं काही पडलेलं नव्हतं. आईचे फोटो आहेत. व्हॉट्सअॅपवर तिचा आवाज आहे — "येतानी दही आनजो." वास तेवढा कुठेच साठवलेला नाही. हिवाळ्यात ती सांबारवड्या करायची, आणि मग दोन दिवस तिच्या हातांना, पदराला तो वास असायचा. तिची एक साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवली आहे. बहीण आली की पिशवी किंचित उघडते, हुंगते आणि म्हणते, "आहे रे अजून." मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवतो. मला तेवढा एक वास परत हवा होता. बाकी जगाचा नसता आला तरी चाललं असतं.

तर त्या दिवशी आर्वीकडच्या एक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या. मुलाच्या स्कूटरवर मागं एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, स्पीडब्रेकरवर उसळल्या, डोकं आपटलं. आर्वीहून इकडे रेफर केलं, पण अॅम्ब्युलन्समध्येच गेल्या. कारण स्पष्ट होतं. तरी पद्धत असते, सगळं पाहावं लागतं. मी पाहत होतो, मृणाल लिहीत होती.

जठर उघडलं आणि मला वास आला.

किती दिवसांनी आला म्हणून आधी तो वास आहे हेच कळलं नाही. नाकात काहीतरी घुसलं असं वाटलं. मग ओळखला. हिरवागार सांबार, भाजलेली खसखस, सुकं खोबरं, लसूण, गरम तेल... तळून नुकतीच काढलेली वडी. माझे डोळे भरून आले. मी इंग्रजीत मजकूर सांगत होतो, ते सोडून तोंडातून घरची भाषा निघाली — "सांबाराचा वास येऊन राह्यला!"

मृणालनं निमूटपणे लिहून घेतलं. मग पुढे येऊन वाकून पाहिलं. "सर, पोटात थोडा चहा दिसतोय. बाकी रिकामं आहे. इडली वगैरे काहीच नाही."

"इडली?"

"सांबार म्हणालात ना?"

तिला दोष नाही. सांगलीत ज्याला कोथिंबीर म्हणतात त्याला आमच्याकडे सांबार म्हणतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तिनं मास्क खाली करून हुंगलं. "नाही सर. कोथिंबिरीचाही नाही."

तिला नव्हता येत. मला येत होता. त्यात आणखी एक वास होता, जो मला खटकला: भाजलेल्या जवसाचा. आई सांबारवडीत जवस कधी घालायची नाही. पण त्या क्षणी मी त्याकडे काणाडोळा केला. माझं नाक परत आलंय आणि आई परत आलीय, अशा दोन्ही गोष्टी मी एकदम मानून बसलो होतो. मग वास विरत गेला. मी वाकून पाहिलं, मास्क काढून पाहिलं. काही नाही. मृणालनं विचारलं, "सर, बसता का थोडं?"

काम संपवून मी बाहेर आलो. बाकावर त्या बाईंची मुलगी बसली होती, मांडीवर प्रवासाची बॅग. संध्या तिचं नाव. यवतमाळला दिलेली. बऱ्याच महिन्यांनी माहेरी निघालेली; वाटेत बसमध्ये फोन आला आणि आर्वीला जाण्याऐवजी ती थेट इथं उतरली. भाऊ पोलिसांकडे कागदांसाठी गेला होता.

"आईले लय दुखलं का जी, डाक्टरसाहेब?"

"नाही. पडल्यावर लगेच शुद्ध हरपली असणार. कळलंही नसेल त्यांना."

हे खरं होतं. ते ऐकून तिनं बॅगचा पट्टा सोडला. मग म्हणाली, "माह्यामुळेच निघाली होती ती. मी फोनवर म्हटलं ना, की आई, मले वडी खायाची आहे. तं सांबार आनाले निघाली भावासोबत. बाजारात पोचलीच नाई."

मी तिथंच उभा राहिलो. निघून जाता आलं असतं. आत दुसरं काम होतंच. पण मी विचारलं, "वडीत जवस घालायच्या का त्या?"

तिनं मान वर केली. "हाव. साऱ्या आर्वीत कोनी टाकत नाई. आमी हसो तिले. तुमाले कोनं सांगतलं?"

काहीतरी थाप मारावी असं मनात आलं. नातेवाइकांशी काय बोलावं, काय बोलू नये याचं आम्हाला वेगळं प्रशिक्षण असतं, आणि त्यात हे नक्कीच बसत नाही. पण थाप सुचली नाही. मी सांगितलं: मला वर्षानुवर्षं वास येत नाही, आत्ता आत थोडा वेळ आला, तो असा असा होता.

ती रडेल किंवा चिडेल असं मला वाटलं होतं. ती आधी चिडली.

"तुमाले आला? मंग मले काऊन नाई आला? मी इथंच बसून आहो ना! पोरगी मी आहो तिची, का तुमी?"

तिचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. मी माझ्या आईसाठी चार बाटल्या हुंगत बसलो होतो आणि आला तो दुसऱ्याच कुणाच्या आईचा वास. ज्या लेकीसाठी वडी व्हायची होती ती भिंतीपलीकडे बाकावर होती.

मांडीवरची बॅग खाली ठेवून ती हलक्या आवाजात म्हणाली, "कसा होता, सांगा बरं. सारं सांगा."

मी तिच्या शेजारी बसलो आणि सांगितलं. आधी सांबार, मग खसखस, मग खोबरं. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "लसूण जास्त होता?"

"हो, बराच."

"बरोबर. तिचा हात सैलच होता लसनाले." मग विचारलं, "एखादी करपली होती का? एक तं करपवाचीच ती. अन् मंग ते मीच खाओ."

"हो," मी म्हणालो.

करपल्याचा वास आला होता की नाही, हे मला खरंच सांगता येत नाही. बाकी सगळ्याबद्दल मी शपथेवर साक्ष देईन.

ती हसली, आणि मग मात्र रडली. भाऊ कागद घेऊन आला. जाताना ती मला म्हणाली, "येतो जी भाऊ." शवविच्छेदनगृहातून निघणाऱ्या माणसांना 'येतो' म्हणायची सवय मोडता येत नाही, हे मी पूर्वीही पाहिलं आहे.

त्या दिवशी घरी गेल्या गेल्या मी कपाटातली पिशवी काढली. गाठ सोडली आणि साडीत तोंड खुपसलं. काहीही आलं नाही. कापड होतं, मऊ होतं. बाबा दारात उभे होते. "आला का?"

"नाही."

ते जवळ आले. त्यांनी साडी घेतली, एकदाच खोल श्वास घेतला आणि घाईनं ती पिशवीत कोंबली. "बांध लवकर," ते म्हणाले. "उडून जाईन."

नंतर मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, असे भास होतात, त्याला नाव आहे. मेंदू आठवणीतलेच जुने वास काढून देतो. मी विचारलं, मग जवस? ते म्हणाले, जवसाची चटणी विदर्भात कोण खात नाही? हे खरं आहे. मीही खातो. पण चटणीतला जवस उठून आईच्या वडीत जाऊन का बसावा, आणि तो नेमका त्याच दिवशी, त्याच टेबलाशी का... यावर ते म्हणाले, बाटल्या चालू ठेवा. विभागप्रमुख सरांना मी काही बोललो नाही. त्यांनी आणखी एक फ्रेम करून लावली असती.

मला याचं स्पष्टीकरण अजूनही सापडलेलं नाही, आणि वास पुन्हा आलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, भुताखेताचं नको.

गेल्या महिन्यात माझी प्रॅक्टिकल परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक बाटली पुढे केली आणि म्हणाले, वासावरून ओळखा. मी नीट हुंगलं, थोडा वेळ घेतला आणि ठामपणे सांगितलं, रॉकेल.

पाणी होतं. तरी पास झालो.