भाईच्या वाट्याची चरबी

बकरी ईदला आमच्या घरी परदेशातल्या मुलाचाही वाटा निघतो. मोठा भाऊ आखातात, त्याच्या सुट्टीचा काही नेम नाही. मटण तर वाट बघत थांबत नाही, म्हणून अम्मी त्याच्या वाट्याची चरबी कढवून, गाळून काचेच्या बरणीत भरून ठेवते. तो आला की तांदळाच्या भाकरीवर तीच. बहुतेक वर्षी तोवर ती खवट झालेली असायची. भाई नाक न मुरडता खायचा आणि मग गुपचूप सोडा प्यायचा.

यंदा त्याचं येणं लांबतच गेलं. कारण मला एकट्याला ठाऊक होतं. तिकडे त्याच्या घशाला रेडिएशनचा शेक देणं चालू होतं, कॅन्सरसाठी. अम्मीला सांगायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातली होती. माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी बरणीच्या मागे लागलो. लवंगेच्या तेलाचे दोन-चार थेंब घातले की चरबी लवकर खवट होत नाही, असं कुठेसं वाचलं होतं. नवीन पनवेलातून बाटली आणली. आता, थेंब हे माप माझ्या हाताला कळत नाही. बिर्याणीत केवडासुद्धा मी शिंपडत नाही, ओततो. चरबी टिकली, हे खरं. पण बायकोने वास घेतला आणि म्हणाली, बरणीवर दाताच्या डॉक्टरची पाटी लावा.

भाई आला तो पनवेलच्या उकाड्यात गळ्याभोवती मफलर गुंडाळून. एसीने घसा धरलाय, असं त्याने अम्मीला सांगितलं. भाकरी आली, तिच्यावर चरबी पाघळली. मी मान खाली घालून बसलो. त्याने घास बराच वेळ चावला, पाण्याबरोबर उतरवला आणि म्हणाला, "अम्मी, अगदी दरवेळेसारखी."

खूश होऊन अम्मीने त्याच्याच ताटातला तुकडा तोंडात टाकला, आणि चावता चावता थांबली. आता माझा उद्धार होणार, असं मी धरून चाललो. पण तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती भाईचा दुसरा घास बघत होती, मग तिसरा. शेवटी हात पुढे करून तिने त्याचा मफलर सोडवला. आतली कातडी करपल्यासारखी काळी पडली होती.

"कदीपासून चव लागत नाय तुला?"

भाईने घास तसाच धरून ठेवला.

अन्न टाकायचं नसतं म्हणून अम्मीने त्याचं ताट आपल्याकडे ओढलं, लवंगेसकट सगळी भाकरी संपवली आणि त्याच्यासाठी पेज टाकायला उठली.