एका सहीसाठी नरखेड तालुक्यात

फॉर्म कुरिअरनेही मागवता आला असता. आमच्या क्लासच्या सरांचं तेच म्हणणं होतं. मी म्हटलं, नाही, मी स्वतः जाते.

मी नागपुरात जपानी भाषा शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली नर्सिंग झालेल्या असतात आणि त्यांना जपानच्या वृद्धाश्रमांत नोकरीला जायचं असतं. मुलगी सज्ञान असली तरी क्लास घरच्यांचं संमतिपत्र घेतो. ते नसेल तर नाव पुढे जात नाही. प्रणालीची परीक्षा झाली, मुलाखत झाली, एका आश्रमाने तिला निवडलंही. फक्त तिचे वडील सही करत नव्हते, आणि शेवटची तारीख आठवड्यावर आली होती.

"जाऊन काय सांगशील?" सरांनी विचारलं.

"ते विचारतील ते."

"तेच तर टेन्शन आहे. थोडं गोड करून सांग, बस."

गोड करून सांगणं मला येत नाही. दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. बाबांच्या सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून आईच घरी शिकवायची. जे स्वतः पाहिलेलं नाही ते 'असं म्हणतात' जोडल्याशिवाय बोलायचं नाही, हा तिचा नियम. भूगोल ती फरशीवर खडूने शिकवायची: एकेका देशाची लोकसंख्या वयाप्रमाणे रचून, खाली लहान मुलं, वर म्हातारी माणसं. नायजरचं चित्र तंबूसारखं यायचं, खाली ऐसपैस. तिथे शाळा आणि दवाखाने पुरत नाहीत, असं म्हणतात. जपानचं माठासारखं, बूड लहान आणि पोट वर. आपला तंबू खालून आवळत चाललाय, हे तिने तेव्हाच दाखवलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी गणेशपेठ स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले आणि काटोलमार्गे जाणारी नरखेडची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे. सुटे पैसे मात्र जवळ ठेवा, नाहीतर कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो आणि उतरेपर्यंत जीव त्या चिठ्ठीत अडकतो. माझा अडकला होता. काटोल सोडल्यावर दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा लागतात. मृगबहाराची तोड सुरू होती, बांधावर क्रेटच्या थप्प्या होत्या. नरखेडहून गावाला दिवसात दोनच गाड्या आहेत, म्हणून प्रणाली मोटरसायकल घेऊन आली होती.

गावाच्या फाट्यावर लिंबाखाली तीन म्हातारे बसले होते. त्यांतल्या एकाने हात वर केला. "ओहायो, मॅडम!"

मी थक्कच झाले. हे जपानीतलं 'सुप्रभात'. प्रणाली लाजून म्हणाली, "प्रॅक्टिसले दुसरं कोन हाय इथं?"

वर्षभर घरी आली की ती या म्हाताऱ्यांना हाताला धरून उठवत होती, चालवत होती, औषध देताना जपानीत विचारत होती. त्या आजोबांनी गुडघा धरून मला दाखवलं, "इताई! म्हंजे दुखून राहिलं."

"तुले तं बारा महिने इताईच हाय गा," शेजारचा म्हणाला.

घराकडे जाताना मी कुलुपं मोजली. वाईट सवय आहे, पण मोजल्याशिवाय राहवत नाही. त्या एका गल्लीत चौदा दारं होती, त्यांतल्या सहांना कुलूप. जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच सुट्टी झाली होती. पटावर किती, असं विचारल्यावर गुरुजी म्हणाले, "अकरा. त्यातले पाच तोडीवाल्यांचे." म्हणजे मध्य प्रदेशातून संत्री तोडायला आलेल्या मजुरांची मुलं. तोड संपली की ती जातील.

प्रणालीच्या वडिलांचं नाव शालिकराव. मी बसायच्या आत ते बोलले, "मॅडम, तुमी चांगल्या घरच्या दिसता. मंग हे काम काहून करता? लोकायच्या पोरी दूर धाडाचं?"

मीच उलट विचारलं, तुम्ही किती भावंडं?

"सात. दोघं लहानपनीच गेले. तवा दवाखाना कुठी होता? राह्यलो पाच, वावर फाटलं पाच जागी. मंग म्या ठरवलं, आपल्याले दोनच. दोघायले शिकवलं. पोरगा पुन्याले कंपनीत लागला." भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे त्यांनी बोट दाखवलं. "शिकवलं म्हनून तं गेला."

प्रणालीची आई पाटवडीचा रस्सा करत होती. ती आतूनच म्हणाली, "अन् न शिकवता तं म्हनले असते, आडानी ठेवलं."

साडेबाराला आश्रमाच्या प्रमुख बाईंशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं होतं. तिथे तेव्हा चार वाजतात. गावात नेट फक्त पाण्याच्या टाकीजवळ येतं, त्यामुळे बोलणं टाकीखाली आणि सगळ्यांच्या देखत झालं. फाट्यावरचे तिघेही हजर होते. बाई साठीच्या असाव्यात. सगळ्यांनी एकदम "कोन्निचिवा" म्हणत नमस्कार केल्यावर त्या तोंडावर हात ठेवून हसल्या.

शालिकरावांनी पहिलाच प्रश्न टाकला, "यायले इचारा, तुमचे पोट्टे कुठी गेले?"

मी जसाच्या तसा विचारला. बाई म्हणाल्या, माझ्या आजीला सहा मुलं होती, आईला तीन, मला एक मुलगी. ती टोकियोत असते. लग्न केलं नाही. घरभाडं आणि नोकरी सांभाळून मूल कसं वाढवू, म्हणते. मग त्यांनी फोन फिरवून लांब व्हरांडा दाखवला. म्हणाल्या, ही इमारत आधी शाळा होती, मी इथेच शिकले, मुलं उरली नाहीत तेव्हा आश्रम झाला.

मग गुडघेवाले आजोबा म्हणाले, "आपल्या शाळेचं बी तसंच करा मंग. आमालेच ठेवा तिथं." हसू फुटलं. शालिकराव हसले नाहीत.

"पोरगी वापस येईन का? हे इचारा."

बाई म्हणाल्या, आमच्याकडे बाहेरच्या देशांतल्या पाच मुली आहेत. दोघींना पहिल्या थंडीत फार रडू यायचं. तिघी आता कायमच्या राहणार म्हणतात. प्रणालीनेही राहावं, अशी आमची इच्छा आहे. खोटं कशाला सांगू, आम्हाला राहणारी माणसं हवी आहेत.

प्रणालीला सगळं कळलं होतं. तिने माझी बाही धरली. "मॅडम, हे नका सांगू ना."

तिचं वर्ष माझ्या एका वाक्यावर होतं. पण ज्याची मुलगी जाणार त्याने विचारलं होतं आणि मी मध्ये बसले होते. मी सगळं सांगितलं, रडण्याचं आणि कायमचं राहण्याचंही.

शालिकराव उठले आणि घराकडे चालू लागले.

आम्हीही मागोमाग जाऊन जेवायला बसलो. रस्सा उत्तम होता एवढं आठवतं. जेवण झाल्यावर प्रणालीने फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला. "बाबा, मी जाईन म्हनते. तुमच्या मनात काय हाय ते लिवा. नाई तं नाई लिवा. पन गप्प नका बसू."

त्यांनी चष्मा लावला आणि छापलेली ओळ मोठ्याने वाचली. "आमची काहीही हरकत नाही." फॉर्म खाली ठेवला. "हे खोटं हाय. मले हरकत हाय."

"मंग जाऊ नको म्हनता?"

"तसं म्या कवा म्हनलं वं? अडवत नाई मी. पन हरकत हाय."

त्यांनी माझं पेन मागितलं. 'काहीही' आणि 'नाही' हे दोन्ही शब्द खोडले आणि वर शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: आहे. अडवत नाही. खाली सही केली. आईने शेजारी आपलं नाव लिहिलं, काही न खोडता.

प्रणालीने मला मोटरसायकलवरून नरखेड स्टँडवर सोडलं. बस लागली तेव्हा म्हणाली, "तुमी ते नसतं सांगतलं तं साधी सही भेटली असती."

"हो," मी म्हटलं.

सोमवारी सरांनी फॉर्म पाहिला आणि कपाळाला हात लावला. "हे पाठवलं तर सीट गेली समज. नवीन फॉर्म भरून घे." मी म्हटलं, त्यांनी हेच लिहिलंय, हेच जाईल. शब्दाला शब्द भाषांतर केलं, माझ्या आईला फोनवर दोनदा वाचून दाखवलं आणि आश्रमाला पाठवलं.

लकडगंजातल्या आमच्या घरी बसून हे लिहितेय. वर्गात मी आजवर सांगत आले की जपानमध्ये तरुण कमी, आपल्याकडे भरपूर. ते वाक्य मी सोडलं. भरपूर कुठे आहेत ते पाहायला निघाले आणि सहा कुलुपं मोजून आले. जपानातल्या त्या गावाला आणि या गावाला एकाच मुलीची गरज आहे, आणि मी तिला त्यांतल्या एकाकडे पाठवते. काम मी सोडणार नाही; जाणाऱ्या मुलीला तिचं आयुष्य आहे. पण 'काहीही हरकत नाही' ही छापील ओळ मी सरांशी भांडून काढायला लावली. आता तिथे कोरी जागा आहे, ज्याला जे वाटेल ते लिहावं.

बुधवारी आश्रमाचं उत्तर आलं. वडिलांचं म्हणणं वाचलं, यायची तारीख तीच. खाली आणखी एक ओळ होती: वर्षातून एकदा घरी जाण्याची रजा करारात लिहून हवी असेल, तर वडिलांना विचारून कळवा.

मी शालिकरावांना फोन लावला आणि ती ओळ वाचून दाखवली.

"एकदा नाई," ते म्हणाले. "दोनदा लिवा."

मी दोनदा लिहिलं.