परत आलेलं पॅकिंग

बी.कॉम. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती नगरजवळच्या आमच्या भिंगारमध्येच, घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिथं मातीचे दिवे, छोट्या कुंड्या आणि पाखरांना पाणी ठेवायच्या पसरट थाळ्या बनायच्या. मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत. त्यांनी तीन कुंभार कुटुंबांना हाताशी धरून एका जुन्या गोदामात हे काम सुरू केलं होतं. दिवे शिर्डीच्या दुकानांत जात. कुंड्या आणि थाळ्या मात्र जर्मनीतला एक दुकानदार घेई. हा साधारण चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा काळ. माझं काम पत्रव्यवहाराचं. टाइपरायटर माझा, फायली माझ्या, आणि इंग्रजी येणारी तिथं मी एकटीच, म्हणून इंग्रजीही माझं.

पॅकिंग चाचा करायचे. लष्कराच्या डेपोत तीस वर्षं त्यांनी पॅकरची नोकरी केली होती. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून आमच्याकडे आले. प्रत्येक कुंडी आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग थर्माकोलच्या तुकड्यांत, खोक्याला चारी बाजूंनी जाड पिना, वरून चिकटपट्टीचे तीन वेढे. त्यांचं खोकं उघडायला कात्री पुरत नसे, सुरी लागे. दोन वर्षांत एकही कुंडी फुटल्याची तक्रार नव्हती. हे ते स्वतः कधी बोलून दाखवत नसत. नव्या माणसाला आम्हीच सांगायचो.

एके दिवशी पोस्टातून एक मोठं पार्सल आलं. वजनाला अगदी हलकं. उघडलं तर आत आमचंच पॅकिंग. आमच्या पिशव्या, आमचा थर्माकोल, चपटं केलेलं आमचं खोकं, आणि एका लहान पाकिटात जपून ठेवलेल्या, वाकलेल्या पिना. सोबत दोन पानी इंग्रजी पत्र. ताई म्हणाल्या, "वाच गं, काय म्हणतोय?"

सगळे भोवती जमले होते. चाचाही हातातलं काम टाकून आले. मी पत्रावरून नजर फिरवली. कायदा, जबाबदारी, परत घेणं, असे शब्द दिसले. बरेचसे कळले नाहीत. पण इतक्या लोकांसमोर 'कळत नाही' असं म्हणायची मला लाज वाटली. मी म्हणाले, "त्यांना आपलं पॅकिंग पसंत नाही. जबाबदारीनं केलेलं नाही म्हणतात. म्हणून परत पाठवलंय. असं असेल तर पुढची ऑर्डर देणार नाहीत."

चाचांनी विचारलं, "माल फुटला का बेटा?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग पसंत का नाही?"

मी पत्राचं पान उलटून पुन्हा शोधू लागले. चाचांनी पिनांचं पाकीट उचललं, थोडा वेळ बघितलं आणि टेबलावर ठेवलं. संध्याकाळी रोजच्यासारखे घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. तब्येत बरी नसल्याचा निरोप आला.

ताईंनी उत्तराचा मसुदा करायला सांगितला, तेव्हा पत्र नीट वाचणं भागच होतं. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात एक लहान वाचनालय होतं आणि तिथं एक जाड डिक्शनरी होती, ती बाहेर नेऊ देत नसत. मी तिथंच सतरंजीवर बसून एकेक ओळ काढली. दोन पानांना अख्खी सकाळ गेली.

पत्रात पॅकिंगची निंदा कुठंच नव्हती. उलट पहिल्याच ओळीत, माल उत्तम अवस्थेत पोचल्याबद्दल आभार होते. पुढं लिहिलं होतं की त्यांच्या देशात नवा कायदा झालाय. जो माल बाजारात आणतो, त्या मालाच्या वेष्टनाची जबाबदारीही त्याचीच. गिऱ्हाईक वस्तू घेतं आणि वरचं वेष्टन तिथंच दुकानात काढून ठेवतं. दुकानदारानं ते नाही म्हणायचं नाही. त्याच्या मागच्या खोलीत आमच्या थर्माकोलचा ढीग झाला होता. पुठ्ठ्यात पिना, पिनांत अडकलेलं प्लास्टिक, प्लास्टिकला चिकटलेली पट्टी. हे वेगळं करता येत नाही म्हणून कुणी उचलून नेईना. तुमच्याकडून काय काय येतं ते तुम्हाला दिसावं म्हणून एका खोक्याचा नमुना पाठवतोय, असं त्यानं साधेपणानं लिहिलं होतं. यापुढं शक्यतो एकाच जातीचं वेष्टन वापरा. गवत किंवा पेंढा नको, कीड येते म्हणून बंदरावर अडवतात.

जबाबदारी हा शब्द होता, पण मी सांगितलेल्या अर्थानं नव्हता.

मी तशीच चाचांच्या घरी गेले. ते दारात खुर्ची टाकून बसले होते. तब्येत उत्तम दिसत होती. चाचींनी पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "तीन दिवस झाले, हे नीट जेवले नाहीत. विचारलं तर सांगत पण नाहीत."

मी उभ्यानंच सांगितलं, "चाचा, माझी चूक झाली. मला पत्र कळलं नव्हतं. मी अंदाजानं सांगितलं."

मी सगळं पत्र मराठीत वाचून दाखवलं. आभाराची ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं बेटा. डेपोत असं चालत नाही. दारूगोळा असतो तिथं."

मला रडू आलं. चाची म्हणाल्या, "बस करा आता, पोरगी घरी आलीय." चाचांनी पत्र मागून घेतलं. वाचता येत नसूनही बराच वेळ हातात धरलं. मग विचारलं, "एकाच जातीचं म्हणजे नुसता पुठ्ठा चालेल?"

"नुसता पुठ्ठा, नुसता कागद."

"पिना नाहीत, थर्माकोल नाही." ते स्वतःशीच बोलत होते. "डेपोत बल्ब यायचे. पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून खण केलेले असायचे."

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी हजर. आठवडाभर त्यांनी पुठ्ठे कापले. पट्ट्यांना अर्ध्यापर्यंत चिरा देऊन एकमेकींत बसवल्या, बारा खण तयार केले. छापखान्यातून कागदाची कात्रणं आणून खणांत भरली. पिनांऐवजी खोक्याचीच झाकणं एकमेकांत अडकवली आणि वरून कागदाची गमपट्टी लावली. खोकं दिसायला सुरेख होतं. पण माल टिकेल का, हे कुणी सांगावं?

"बोटीत, ट्रकमध्ये काय हाल होतात ते इथं बसून कळणार नाही," चाचा म्हणाले. "हे एसटीच्या टपावर टाकू."

नगरहून खर्ड्याला जाणारी गाडी निवडली, कारण त्या रस्त्याची तेव्हा दैना होती. मी आणि चाचा दोघं निघालो. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय पेटीत?"

"मातीच्या कुंड्या."

"मग आत घ्या की. टपावर न्हाई ऱ्हायच्या त्या."

"टपावरच ठेवायच्यात."

"फुटल्या तर आमच्या नावानं वरडायचं न्हाई."

"फुटतात का, तेच बघायचंय," चाचा म्हणाले. कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय अशी त्याची समजूत झाली असावी. वयामुळं अर्धं तिकीट हवं का, असंही त्यानं चाचांना विचारून पाहिलं.

खर्ड्याला उतरलो, चहा घेतला, आणि त्याच खोक्यासकट परतीच्या गाडीत बसलो. संध्याकाळी गोदामात खोकं उघडलं. बारापैकी दोन कुंड्यांच्या कडा गेल्या होत्या, दोन्ही कोपऱ्यातल्या. कुंभारकाकू म्हणाल्या, "लई झालं की, धा तर वाचल्या." चाचांना ते पटलं नाही. त्यांनी कोपऱ्यांना दुहेरी पुठ्ठा घातला आणि पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा खर्ड्याला गेलो. या वेळी बाराच्या बारा शाबूत आल्या. चाचा एकेक कुंडी बोटानं वाजवून आवाज ऐकत होते. शेवटची वाजवली आणि म्हणाले, "आता लिही त्यांना."

मी लिहिलं. टाइप करण्याआधी प्रत्येक वाक्य चाचांना आणि ताईंना मराठीत वाचून दाखवलं.

नव्या पॅकिंगमधला पहिला माल गेल्यावर दोन महिन्यांनी फॅक्स आला. एसटीडी बूथवाल्यानं तो स्वतः आणून दिला. एक थाळी तडकली होती, बाकी सगळं ठीक. खोकी चपटी करून रद्दी कागदाबरोबर गेली, मागची खोली मोकळी झाली. पुढची ऑर्डर त्याच पॅकिंगमध्ये हवी होती. चाचांनी एवढंच विचारलं, "ती थाळी कोणत्या खणातली?" त्यानं लिहिलं नव्हतं. त्यांना ते खटकलं.

चाचांनी दोन बायकांना पट्ट्या कापायला शिकवलं आणि पुढं चार वर्षं तेच पॅकिंग चाललं. शिर्डीच्या दुकानांना दिवे मात्र पिशव्यांतच जात राहिले. तिथं कुणी कधी काही परत पाठवलं नाही. लग्न झाल्यावर मी ती नोकरी सोडली. जाण्याआधी माझ्या जागी आलेल्या मुलीला मी फायली दाखवल्या, आणि नवं पत्र आलं की ते आधी एकटीनं बसून पूर्ण वाच, असं सांगितलं.