जन्मालाच न आलेला बन्सीधर

झरीच्या स्टँडजवळ परमेश्वरदादाचं पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरायचं दुकान आहे. जळालेली मोटार गिऱ्हाइकानं पुढं ठेवली की तो आधी घसा साफ करतो, "हं, त्याचं कसं हाय" म्हणतो, आणि मग गिऱ्हाईकच गुन्हेगार ठरतं. हे मला हुबेहूब जमतं. एकदा त्याच्यासमोरच करून दाखवलं, तर त्यानं शेजाऱ्याला विचारलं, "कोणाचं हाय हे येडं?"

अशा माणसाला आतून जाळलं ते जन्मालाच न आलेल्या एका माणसानं.

माझी थोरली बहीण माधवी परभणीच्या कॉलेजातून एक खेळ शिकून आली. गोल बसायचं, मिळून एक गाव रचायचं, प्रत्येकानं त्या गावातलं एक माणूस व्हायचं आणि त्याच्याच तोंडानं बोलायचं. काही अडलं की फोडलेले चिंचोके फेकायचे. पांढऱ्या बाजू जास्त पडल्या की काम फत्ते. दर गुरुवारी दुपारी आमच्या पत्र्याखाली बायका जमायला लागल्या. त्यांनी असं गाव रचलं, जिथनं कुणी ऊसतोडीला जातच नाही. मग साखर कुठनं येणार, यावर लय भांडण झालं. शेवटी ठरलं, ज्याला साखर पाहिजे त्यानं अर्धा दिवस कोयता धरायचा, मग तो तालुक्याचा साहेब का असेना. आणखी एक ठरलं. त्या गावात लहानमोठं काही नाही, नवराबायकोसुद्धा एकमेकांना नावानंच हाक मारणार.

इथं परमेश्वरदादाचा फ्यूज उडाला. त्याची बायको शिवकन्यावहिनी लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. रेशनच्या दुकानात कुणी विचारलं तर पोराला पुढं ढकलते, "सांग रे योगीराज, तुज्या पप्पाचं नाव." खेळात मात्र तिला बन्सीधर नावाचा नवरा मिळाला होता. "बन्सीधर, भांडी राह्यलीत की." "बन्सीधर, इकडं ये जरा." हाका थेट रस्त्यापर्यंत जायच्या, आणि रस्त्यानं दादाची मोटारसायकल जायची.

पहिल्यांदा त्यानं हसण्यावारी नेलं. मग जेवताना चौकशा सुरू झाल्या. बन्सीधर काय काम करतो, पितो का, दिसायला कसा आहे. वहिनीनं सरळ सांगितलं, तो घरचं सगळं करतो आणि बोललेलं ऐकून घेतो. दुसऱ्या दिवशी दादानं सकाळी उठून स्वतः भाकरी थापली. नकाशासारखी झाली. ती तिच्या ताटात टाकत म्हणाला, "त्याची बी अशीच होती का?" वहिनीनं हे सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो.

पुढच्या गुरुवारी दुकान बंद ठेवून तो आलाच. बन्सीधर व्हायच्या आमच्या पंचफुलामावशी. साठी उलटलेली, दातांना मिश्री, आवाज घोगरा. आम्हाला वाटलं, आता हा हसेल. त्याचं तोंड आणखीच उतरलं.

"माणूस असता तर दोन शब्द सुनावले असते," तो म्हणाला. "मावशीला काय बोलू?"

मग म्हणाला, मी बी खेळतो. माधवीनं नियम सांगितला. नवा माणूस वेशीवर परका म्हणून येतो, आणि स्वतःचा धंदा सांगायचा नाही. त्या दिवशी वेशीवर नेमकी वहिनी होती. ती विचारणार, आत घ्यायचं की नाही तेही तीच ठरवणार.

"काय काम येतं?"

"हं, त्याचं कसं हाय... गवंडी हाय म्हणा."

"अन् नाव?"

तो खाली बघत म्हणाला, "परमेश्वर."

सगळ्यांनी माधवीकडं पाहिलं. धंदा स्वतःचा चालत नाही, पण नावाचं काही ठरलेलंच नव्हतं. तिनं खांदे उडवले. वहिनीनं चिंचोके उचलले, मुठीत खुळखुळवले आणि न फेकताच खाली ठेवले. कानापर्यंत लाल झाली होती.

"ये, परमेश्वर," ती म्हणाली. आवाज रस्त्यापर्यंत काही गेला नाही, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू गेला. "बस. आमचा बन्सीधर तुला घर दाखवील."

बसायला जागा लय होती. अख्खं जाजम रिकामं. दादा मात्र सरळ शेजारी शेजारी बसलेल्या वहिनी आणि मावशीपाशी गेला आणि मावशीला म्हणाला, "सरक जरा, बन्सीधर."

आणि मधेच बसला.