बुद्धरत्न ओव्हाळांच्या बोटाची गोलाई

भोसरीच्या एमआयडीसीत त्या एका कारखान्यापुरतं सांगायचं, तर बुद्धरत्न ओव्हाळ येताना दिसले की लेथवरचा माणूस आधी मशीनवर लावलेल्या आपल्या जॉबकडे बघायचा आणि मग देवाकडे. चौतीस वर्षांची नोकरी, त्यातली तेहेतीस क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून. एवढ्या काळात कामाच्या जागी त्यांच्या तोंडून तीनच शब्द निघाले: ओके, रिवर्क आणि रिजेक्ट. पहिला इतका क्वचित, की तो ऐकायला मिळाला त्या दिवशी प्रेस शॉपच्या किसननं पेढे वाटले होते.

हा माणूस मार्चच्या एकतीस तारखेला रिटायर होणार होता आणि जानेवारीपासूनच तो दिवस मोजत होता. नोकरी सुटण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. भीती होती ती मनोगताची. त्या कारखान्यात रीत अशी, की निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ द्यायचं, आणि मग सत्कारमूर्तीनं दोन शब्द बोलायचे. ते बोलेपर्यंत समोशाच्या प्लेटा हलायच्या नाहीत. दोनशे भुकेली माणसं आपल्या तोंडाकडे बघताहेत, हे चित्र ओव्हाळांना जेवताना दिसायचं.

बोलणं हा प्रांत त्यांचा नव्हेच. स्वतःच्या लग्नात "नाव घ्या" म्हटल्यावर ते पाणी प्यायला म्हणून जे उठले ते थेट जेवणाच्या पंगतीला सापडले. त्यांची बायको कस्तुरा हा किस्सा अजून सांगते आणि सांगताना अजून चिडते. पण चौतीस वर्षं ज्यांच्यात काढली त्यांच्यासमोरून मुक्यानं निघून जायचं, हेही त्यांच्या मनाला पटत नव्हतं. खडूस असले तरी त्या माणसांवर त्यांचा जीव होता. तो कुणाला कळला नव्हता, एवढंच.

तोडगा कासारवाडीच्या घरात कपाटावर धूळ खात पडला होता. मुलगी मैत्री कॉलेजात असताना गिटार शिकत होती. आता ती तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला होती आणि गिटारला हात लावायला तिला वेळ नव्हता. बोलायचंच नाही, वाजवायचं, असं ओव्हाळांनी ठरवलं. विहारात दर पौर्णिमेला म्हणतात ते गाणं. चार कॉर्डचं, सोपं.

"तीन सोप्या आहेत, पप्पा," मैत्री म्हणाली. "चौथी एफ आहे. तिच्यात पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. एफपाशी भले भले गिटार विकून टाकतात."

ओव्हाळांनी बोट आडवं टाकलं. कडेच्या तारा वाजल्या, मधल्या मुक्या राहिल्या. महिनाभर रोज संध्याकाळी त्यांनी ते बोट दाबलं. तारांचे वळ उठले, शेजारच्यांनी खिडक्या लावल्या, पण मधल्या तारा काही बोलेनात.

त्या पहिल्या बोटाबद्दल इथंच सांगून टाकतो. डाव्या हाताची ती तर्जनी किंचित वाकलेली होती आणि पूर्ण सरळ होत नसे. तरुणपणी सायकलच्या चेनमध्ये सापडली, असं घरीदारी सगळ्यांना ठाऊक. फोटो काढताना तो हात आपोआप पँटच्या खिशात जायचा.

तेहेतीस वर्षं लोकांच्या चुका काढलेल्या माणसाला पहिला संशय स्वतःचा थोडाच येणार! "गिटारमध्ये डिफेक्ट आहे," ओव्हाळांनी निकाल दिला.

"नाचता येईना अंगण वाकडं," कस्तुरा भाजी निवडता निवडता म्हणाली.

"अंगण वाकडं असेल तर मोजता येतं," ओव्हाळ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडियस गेज घरी आणला. पत्र्याच्या पात्यांचा जुडगा तो. प्रत्येक पात्याला ठरलेल्या मापाची गोलाई. पातं जॉबवर ठेवायचं आणि उजेडासमोर धरायचं. मधून उजेड दिसला नाही, की माप जुळलं. गिटारच्या दांडीवरची पट्टी सपाट दिसते, पण तिला आडवी बारीक गोलाई असते, हे त्यांना तेव्हाच कळलं. माप निघालं चारशे मिलिमीटर; आकडा जितका लहान, तितकी गोलाई जास्त. ते बरोबर की चूक, हे सांगणारं ड्रॉइंग मात्र जवळ नव्हतं. म्हणून रविवारी ते गिटार घेऊन स्टेशनजवळच्या अजिमभाईंच्या दुकानात गेले.

अजिमभाई पेटीचे भाते, तबल्याच्या वाद्या आणि गिटारच्या दांड्या दुरुस्त करत. माप म्हणून त्यांच्याकडे एक अंगठा होता.

"या गोलाईचं स्टँडर्ड काय?" ओव्हाळांनी विचारलं.

"स्टँडर्ड नसतं, साहेब. कुणाला गोल आवडतं, कुणाला सपाट. गोल पट्टीवर कॉर्ड धरायला आराम. सपाटवर तार ओढून वाजवणाऱ्याला मजा. ज्याची त्याची पसंत."

"पसंत म्हणजे किती मिलिमीटर?"

अजिमभाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. एवढ्या वर्षांत असं गिऱ्हाईक त्यांच्या दुकानाची पायरी चढलं नव्हतं.

"टॉलरन्स तरी? किती कमीजास्त चालतं?" ओव्हाळ हटेनात.

"साहेब, चहा घ्या."

आता दुसरा कुणी असता तर चहा पिऊन घरी गेला असता. ओव्हाळांनी तपासणीच्या पत्रकाचा फॉर्मॅट बनवला. अजिमभाईंच्या दुकानातल्या वेगवेगळ्या गोलाईच्या पाच गिटार ओळीनं मांडल्या, त्यांना नंबर दिले, आणि पुढच्या रविवारी दहा वाजवणारे गोळा केले. विहारातले चार गाणारे, मैत्रीच्या ऑफिसातली पाच मुलंमुली, आणि अजिमभाई स्वतः, कारण दहावा मिळेना. प्रत्येकानं पाचही वाजवायच्या आणि आरामाला एक ते पाच मार्क द्यायचे. मैत्री मान खाली घालून आकडे लिहीत होती. ऑफिसात याची चर्चा होणार, हे तिला दिसत होतं.

एकाला अगदी सपाट आवडली, दुसरा म्हणाला ही काय फळी आहे. जाड बोटांच्या एका काकांना सगळ्यात गोल पट्टीवर स्वर्ग सापडला, आणि त्याच पट्टीवर मैत्रीच्या मैत्रिणीनं तार ओढली तशी ती तार तिसऱ्याच ठिकाणी अडकून गप्प झाली. एकीनं तीन नंबरला पाचपैकी पाच दिले. कारण विचारलं तर म्हणाली, "निळी आहे ना, छान दिसते." तिचे मार्क ओव्हाळांनी तिथल्या तिथे रिजेक्ट केले.

मग त्यांनी सगळ्यांच्या पसंतीच्या गोलाईची सरासरी काढली. दोनशे शहाण्णव. जेवणाच्या सुट्टीत स्वतः ॲल्युमिनियमचा ठोकळा त्या मापाचा करून आणला. अजिमभाईंनी मैत्रीच्या गिटारच्या फ्रेट, म्हणजे पट्टीवरच्या आडव्या धातूच्या काड्या, उपटल्या, ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून पट्टी घासली आणि फ्रेट परत ठोकल्या. दहाही जणांना पुन्हा बोलावलं. सगळ्यांनी वाजवली आणि सगळे म्हणाले, "ठीक आहे." मराठी माणूस बायकोच्या माहेरच्या आमटीला म्हणतो तसं.

"साहेब, वाईट वाटून घेऊ नका," अजिमभाई म्हणाले, "पण दहा जणांच्या चपलांचे नंबर मिळवून, भागून, एकच चप्पल शिवलीत तुम्ही."

ओव्हाळांनी गिटार मांडीवर घेतली आणि एफ धरली. एक तार बोलली, दुसरी मुकीच. मार्चचा दुसरा आठवडा उजाडला होता. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि ते कुठल्या रकान्यात भरायचं तेही कळेना.

अजिमभाई पत्रक हातात घेऊन वाचत होते. "दहा नावं आहेत. वाजवणार कोण आहे?"

"मी."

"मग तुमचं बोट कुठंय यात?"

ओव्हाळांनी पत्रक पुन्हा वरून खाली तपासलं. इन्स्पेक्टर जॉब तपासतो, स्वतःला तपासत नाही; हे त्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की अकराव्या रकान्याची त्यांना आठवणही झाली नव्हती. त्यांनी खिशातून गेज काढला. डावा हात दुकानाच्या दारातल्या उजेडात धरला आणि वाकलेल्या तर्जनीच्या आतल्या बाजूला एकेक पातं लावून बघितलं. दोनशे चाळीसला उजेड. दोनशे दहाला बारीक रेघ. एकशे ऐंशीला उजेड पूर्ण बंद झाला.

पातं तसंच धरून ते बराच वेळ उभे होते. ज्या बोटाकडे त्यांनी चौतीस वर्षं नीट पाहिलंसुद्धा नव्हतं, ते बोट एका मापात तंतोतंत बसत होतं. पुसट पुसट का होईना, त्यांना त्या बोटाचा अभिमान वाटला.

"या मापाची पट्टी मिळते?" त्यांनी हळूच विचारलं.

"एकशे चौऱ्याऐंशी मिळते. जुन्या गिटारींची गोलाई तीच. माझ्याकडे ठोकळा आहे."

"चार मिलिमीटरचा फरक."

अजिमभाईंनी ठोकळा शोधून समोर ठेवला.

"चालेल," ओव्हाळ म्हणाले. ओके, रिवर्क, रिजेक्टनंतरचा हा चौथा शब्द.

पट्टी पुन्हा घासली गेली. खाली तारा जिच्यावर टेकतात ती पट्टीही तेवढीच गोल करायला अजिमभाई विसरले नाहीत. नाहीतर मधल्या तारा फ्रेटवर घासून कुरकुरतात आणि कडेच्या उंच राहतात. त्या संध्याकाळी कासारवाडीच्या घरात एफ वाजली. सहाच्या सहा तारा. कस्तुरा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "आज रेडिओ लावलाय होय?" यापेक्षा मोठी दाद त्या घरात कधी मिळाली नव्हती.

एकतीस तारखेला कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या. पहिल्या रांगेत कस्तुरा आणि मैत्री. शाल झाली, नारळ झाला, घड्याळ झालं. ओव्हाळांनी शाल सावरली आणि गिटार हातात घेतली, तेव्हा मागे कुणीतरी "रिजेक्ट!" म्हणून ओरडलं आणि हशा पिकला. त्यांनी वाजवलं. दोनदा चुकले, एकदा थांबून पुन्हा सुरुवात केली, पण एफ प्रत्येक वेळी स्वच्छ आली. अर्धी कँटीन गाण्याला सूर मिळवत होती. टाळ्या पडल्या आणि ओव्हाळांना वाटलं, सुटलो.

तेवढ्यात समोरून प्रश्न आला. "साहेब, ही पट्टी अशी गोल का वो?" विचारणारा किसन होता, पेढे वाटणारा.

मापाबद्दल कुणी विचारलं की ओव्हाळांना राहवत नसे. ते सांगू लागले. सपाट म्हणजे काय, गोल म्हणजे काय, दहा माणसं, निळी गिटार, दोनशे शहाण्णव. पाच मिनिटं झाली, दहा झाली, समोसे थंड पडले. मैत्रीनं तोंडावर ओढणी धरली. जो माणूस चौतीस वर्षांत तीन शब्दांपलीकडे गेला नाही, तो आता थांबता थांबेना. "शेवटी बोट मोजलं," ते म्हणाले आणि डावा हात खिशातून काढून सगळ्यांसमोर उंच धरला. "हे. आणि हे सायकलीत सापडलं नव्हतं."

कस्तुरा खुर्चीत पुढे सरकली.

"पहिल्या वर्षी मी प्रेसवर होतो. प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय चालत नाही, हात आत राहू नये म्हणून. मी एक बटण चिंधीनं बांधून ठेवलं. काम पटपट व्हावं म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. माझीच अक्कल. लाज वाटली म्हणून सायकल सांगितली. नंतर मला तपासणीला बसवलं. तुमचं एवढंएवढं रिजेक्ट केलं, शिव्या खाल्ल्या... एवढं चालतंय म्हणून सोडलं की काय होतं, ते मला ठाऊक होतं. म्हणून." ते खाली बसले.

"अहो!" पहिल्या रांगेतून कस्तुराचा आवाज आला. डोळ्यांत पाणी होतं आणि पारा चढला होता. "त्या सायकलीला पांढऱ्या पायाची म्हणून मी भंगारात घातली! चांगली माझ्या बापानं दिलेली!"

कँटीन अशी हसली की बाहेरचा वॉचमन आत डोकावला. समोसे सुटले. लोक गिटारभोवती जमले, जो तो पट्टीवर बोट टाकून बघू लागला. कुणाला जमली नाही, कुणाला फार गोल लागली, कुणी म्हणालं यापेक्षा भजनाचे टाळ बरे. ओव्हाळ सगळ्यांना एकच सांगत होते, "ती माझ्या मापाची आहे."

गर्दी पांगल्यावर किसन जवळ आला. भोसरीत जेवढी बोटं दारात सापडल्याचं ऐकू येतं, तेवढी दारं गावात आहेत की नाहीत, देव जाणे. किसनचंही डावं पहिलं बोट असंच दारात सापडून एका पेरानं कमी झालेलं.

"साहेब, आमचं बी जमंल का? बोट आखूड हाय."

ओव्हाळांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडाकडे वळवला. "जमेल. दांडी अरुंद घ्यावी लागेल. अजिमभाईंना सांगू."

"लई दिस लागतील."

"लागू देत. उद्यापासून मला कुठं जायचंय?"

किसननं आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघितलं. मग मान खाली घालून पुटपुटला, "साहेब, माजं बी दारात न्हाई सापडलं."

"माहितीये," ओव्हाळ गेज उघडत म्हणाले. "बोट हलवू नको."