कुलुपातली वाडी

माझे सासरे मुंबईतल्या जुन्या जमीनवाल्या घराण्यातले. जमीन पिढ्यान्‌पिढ्या विकत विकत त्यांच्या वाट्याला परळच्या घरामागची एक वाडी तेवढी उरली होती. आंबे, फणस, जुईचा मांडव आणि मधोमध तळं. कचेरीतून निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी माळ्याला रजा दिली, फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. "जन्मभर कागद ओळीत लावले. आता हे तरी ओळीत नको," एवढंच कारण सांगितलं. वाडीतलं पानही तोडायचं नाही, तळ्यात गळ टाकायचा नाही. आधी ते स्वतःच दर रविवारी तिथे गळ घेऊन बसायचे.

तीन वर्षांत वाडीचं रान झालं. वाटा बुजल्या, मांडव वेलींखाली गेला, मुंगूस दिसू लागलं. शेजारी म्हणत, म्हातारा सटकला. सासूबाई म्हणत, "नवं काय त्यात?" घरची जुई असून देवाला फुलं विकत आणावी लागत, याचा त्यांना राग होता. मला मात्र मामंजींचं कौतुक वाटायचं, हे कबूल करते. इतका निरुपयोगी हट्ट इतक्या निष्ठेने धरलेला मी कुणाचा पाहिला नव्हता.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत संचारबंदी लागली, तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. माझे यजमान नोकरीवर नागपूरला. सासूबाई पंधरा दिवस तापाने अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि काय हवं ते खाऊ द्या म्हणून सांगितलं होतं. पण त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"सूनबाई, माशाचं कालवण कर गं. दोन घास जातील."

वरळीची कोळीण एरवी रोज दारात यायची. आता रस्त्यावर पोलीस होते आणि बाजार बंद. मी तसं सांगितलं तर म्हणाल्या, "तळ्यातला चालेल." गिरगावात वाढलेल्या सासूबाई! तळ्यातल्या माशाला त्या आयुष्यभर चिखल म्हणत आल्या होत्या.

मामंजींनी ऐकलं. त्यांनी माळ्यावरचा गळ काढला. मी कणकेच्या गोळ्या करून दिल्या आणि वाटणाला बसले. दोन तासांनी ते रिकाम्या हाताने परतले.

"एक लागेल तर शपथ," म्हणाले.

मी वाटण झाकून ठेवलं आणि सासूबाईंना पेज भरवली.

संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून मामंजी माझ्याशी बोलत होते. बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला. "तळ्यावर पाणकावळा उतरलाय. एवढ्या वर्षांत पहिला! बुडी मारली की चोचीत मासा. चार वेळा बघितलं मी."

सासूबाईंनी डोळे उघडले.

"त्याला लागतात," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच तेवढे लागत नाहीत."

मामंजी उठून बाहेर गेले. मला त्यांचा संताप आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. बाहेर माणसं मरत होती, त्यापुढे एका कालवणाचं काय, असं मी मनाला समजावून पाहिलं. पटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई गेल्या. परवानगी काढून शेजारच्या चौघांनी त्यांना नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचारबंदी सैल झाली आणि कोळीण पाटी घेऊन दारात आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. "आईसाठी सरंगा ठेवलाय बघ, ताजा," म्हणाली. मी तिला सांगणार, एवढ्यात मामंजी पुढे झाले. त्यांनी तो मासा दोन्ही हातांत घेतला आणि माझ्याकडे वळले.

"आता कर," ते म्हणाले.

सुतकात घरची चूल पेटत नाही, हे त्यांनीच मला लग्नानंतर शिकवलं होतं. मी मासा त्यांच्या हातातून घेतला नाही.